गाठी मारणाऱ्या आणि गाठी सोडणाऱ्या

नोकरीतली बरीच प्रकरणे फायली बंद झाल्या तशी मनातूनही गेली. हे एक मात्र गेले नाही. ते आठवले की आजही मला आधी हसू येते आणि मग त्या माणसाच्या डोक्याची कमाल वाटते. यातल्या कुणाचेही नाव मी लिहीत नाही. फसलेल्यांना पुन्हा चर्चेत आणायचे नाही, आणि ज्याने फसवले त्याची शिक्षा त्याने भोगली आहे.

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक सोलापूर शहरात होती. जुळे सोलापूरचा बराचसा भाग आमच्या हद्दीत यायचा. नोकरदारांच्या वसाहती, त्यामुळे तक्रारीही ठरावीक. पार्किंगवरून भांडण, दुचाकी चोरी, वरच्या मजल्यावरचे पाणी खालच्याच्या गॅलरीत. सकाळची हजेरी झाली, ड्युट्या वाटून झाल्या की ठाणे अंमलदार चहा मागवायचे, आणि चहा येईपर्यंत पहिला तक्रारदार दारात उभा असायचा.

त्या दिवशी दारात रिक्षा थांबली. एका बाईने रिक्षातून एक मोठा गठ्ठा उतरवला. शिपाई मदतीला पुढे झाला तर त्याला बाजूला सारून तिने तो स्वतःच आत आणला आणि टेबलासमोर आदळला.

"मला आत टाका," ती म्हणाली.

ठाणे अंमलदारांनी विचारले, "काय केलंत?"

"काय केलं तेच कळंना झालंय. पन सगळी म्हन्त्यात मी चोर हाय. तवा तुमीच काय ते ठरवा."

मी तिला केबिनमध्ये बोलावून बसवले. माहेर सांगोल्याकडचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले. नवरा एसटीत ड्रायव्हर. वसाहतीत तिला सगळे आक्का म्हणायचे. कुणाचे मूल आजारी असो, कुणाचा गॅस संपलेला असो, लोक आधी आक्काचे दार वाजवायचे. म्हणजे तोपर्यंत वाजवत होते.

तिची हकीगत अशी. मोबाईलवर एक जाहिरात फिरत होती. फावल्या वेळात, घरबसल्या जोडकाम. जवळच्याच एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. तिथे इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ बसायचा, त्याला सगळे मॅनेजर म्हणत. काम सोलापूरकराला परके नव्हते. टॉवेलच्या दोन्ही टोकांना सुटे धागे असतात, त्यांना दशा म्हणतात. त्या दशांना पीळ देऊन सारख्या अंतरावर गाठी मारायच्या. टॉवेलचा गठ्ठा घरी न्यायचा, काम करून परत द्यायचा, दर टॉवेलमागे मजुरी. माल घरी जातो म्हणून आधी अनामत भरायची.

"पयला गठ्ठा दिला, पैसं रोख हातात आलं," आक्का म्हणाली. "मला लई आनंद झाला की सायेब. मी समद्यांना सांगितलं. म्हनलं, दुपारी टीव्हीसमोर बसून तर हाय, हात चालू ठिवा. माझ्या शबुदावर निम्मी वसाहत तितं गेली."

दुसऱ्या वेळी गठ्ठा मोठा आणि अनामतही मोठी. हा गठ्ठा परत नेला की मॅनेजर एक टॉवेल उचलायचा, भिंगातून बघायचा आणि मान हलवायचा. गाठी सारख्या नाहीत. माल परदेशी जायचा आहे, पार्टी घेणार नाही. करारात लिहिल्याप्रमाणे नुकसानभरपाई म्हणून अनामत जप्त. एकामागून एक सगळ्यांचे तसेच झाले. मग कुणाच्या तरी डोक्यात आले की एकट्या आक्काचीच अनामत कशी बुडाली नाही? तिनेच आपल्याला नेले, म्हणजे तिचे कमिशन असणार.

"काल पान्याची मोटार चालू करायला खाली गेले," ती सांगत होती, "तर जिच्या बाळंतपनात मी रात रात जागले तिनं मला बघून तोंड फिरवलं. मी रडनाऱ्यातली न्हाय सायेब. पन ते मला सोसलं न्हाय." तिने गठ्ठ्याकडे बोट केले. "ह्यो माझा दुसरा गठ्ठा. अजून दिला न्हाय. तुमीच बगा, हितं काय वाकडं हाय?"

मला त्यात काही वाकडे दिसले नाही. पण मी टॉवेलचा जाणकार नव्हतो.

मॅनेजरला नोटीस देऊन बोलावले. तो वेळेवर आला, बूट पुसून आत आला आणि माझ्यापुढे करार ठेवून म्हणाला, "साहेब, वाचून घ्या. प्रत्येकीची सही आहे. ज्यांचं काम चांगलं झालं त्यांना मजुरी दिली आहे. खराब मालाचं नुकसान मी कुठून भरायचं?"

"तुमची पार्टी कोण?"

"ते व्यवसायाचं गुपित असतं साहेब."

बोलणे नम्र आणि एकही शब्द जास्तीचा नाही. सरकारी वकिलांचा सल्ला घेतला तर त्यांनीही तेच सांगितले जे मला माहीत होते. व्यवहार फिसकटला तर तो दिवाणी वाद. फसवणुकीचा गुन्हा म्हणायचा तर सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावे लागते. आमच्या हातात संशय होता, पुरावा नव्हता.

तरीही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. चौकशीसाठी आम्ही ज्या ज्या बाईशी बोललो तिने शेवटी एकच वाक्य म्हटले, "माझ्याच हाताला वळण नसेल हो." एक शिक्षिका होती, एक शिवणकामाचे क्लास घेणारी होती, एकीच्या हाताचे रुखवत बघायला लोक यायचे. इतक्या जणींचे हात एकदम कसे बिघडतील? त्यातल्या बऱ्याच जणींनी घरी सांगितलेलेच नव्हते. आमच्या महिला हवालदार साध्या वेशात गेल्या तरी त्या दार लोटून, हळू आवाजात बोलायच्या.

याच हवालदार बाईंनी मार्ग काढला. "सर, मीच काम मागायला जाते. पण मला गाठ मारता येत नाही. माझ्या सासूबाई करतील."

त्यांच्या सासूबाई शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. सून त्यांना अत्तम्मा, म्हणजे तेलुगूत सासूबाई, म्हणायची, म्हणून पुढे आमचे अख्खे ठाणे त्यांना अत्तम्मा म्हणू लागले. दशा वळण्यातच त्यांचे आयुष्य गेलेले. ठरल्याप्रमाणे पहिला गठ्ठा पास झाला, मजुरी मिळाली. दुसरा मोठा गठ्ठा आणला तेव्हा आम्ही दोन पंच बोलावले, आणि त्यांच्यासमोर प्रत्येक टॉवेलच्या दुमडलेल्या कडेत आतून हिरव्या दोऱ्याचा एक बारीक टाका घातला. फोटो काढले, पंचनामा केला. नंतर अत्तम्मांनी गाठी मारल्या.

मॅनेजरने तो गठ्ठा नापास केला.

ही बातमी अत्तम्मांना कळू द्यायची नाही असे मी बजावले होते. पण घरातली गोष्ट, ती लपते कशी? दुपारी त्या स्वतः ठाण्यात आल्या आणि थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कोण म्हणतो सारख्या नाहीत? त्याला बोलव इथं. मी त्याचंच माप काढते."

"अत्तम्मा, थोडं थांबा. त्याला कळलं तर सगळं वाया जाईल."

"किती थांबू?"

"तो माल कुठे जातो ते कळेपर्यंत."

त्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांना चहा देऊन, समजूत काढून घरी पाठवेपर्यंत आमच्या दोन शिपायांची दमछाक झाली.

माझा हिशोब साधा होता. माल खराब आहे, परदेशी जाणार नाही, तर मग त्याचे हा माणूस करतो काय? गुन्हे शोध पथकातल्या एका पोरगेल्याशा शिपायाला साध्या कपड्यात कॉम्प्लेक्ससमोरच्या रसवंतीवर बसवले. दोन-चार दिवस उसाचा रस पिऊन त्याचा घसा बसला, पण खबर मिळाली. रसवंतीवाल्यानेच सांगितले की आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एक छोटा टेम्पो येतो, गठ्ठे भरतो आणि अक्कलकोट रस्त्याला लागतो. त्या दिवशी आमचा शिपाई मोटारसायकलवर टेम्पोच्या मागे गेला. दुपारी त्याचा फोन आला.

"सर, अक्कलकोटच्या पुढं एक गाव आहे. टेम्पो इथं थांबलाय. बायकांना गठ्ठे वाटलेत. त्या ओट्यावर बसून गाठी सोडतायत."

"मारतायत."

"नाही सर, सोडतायत."

"अरे, नीट बघ."

"नीट बघूनच सांगतोय सर. सुई घालून एकेक गाठ सैल करतात, मग धागा सरळ करतात. माझ्या शेजारीच बसल्यात. बोलू का त्यांच्याशी?"

बोल, म्हणून मी फोन ठेवला. मग मला एकदम सगळे समजले, आणि खरे सांगतो, मी केबिनमध्ये एकटाच मोठ्याने हसलो. बाहेरून लिखापढी बघणारे रायटर हवालदार डोकावून गेले.

त्या माणसाने कारखाना काढला नव्हता, पार्टी शोधली नव्हती, टॉवेलचा एकच साठा विकत घेतला होता. तो साठा फिरत होता. जुळे सोलापुरात बायका अनामत भरून गाठी मारत होत्या. मग तोच माल कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात जात होता आणि तिथल्या बायका गाठी सोडत होत्या. सरळ झालेले टॉवेल पुन्हा सोलापुरात, पुन्हा नवी अनामत. याहून स्पष्ट हेतू कुठल्या कोर्टाला हवा असेल?

तिथल्या पोलीस ठाण्याला कळवून, पंच घेऊन आम्ही संध्याकाळ व्हायच्या आत गावात पोचलो. पारावर, ओट्यांवर टॉवेलच टॉवेल. एक आजी सगळ्यांत पुढे बसल्या होत्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी विचारले, "आजी, हे काम तुम्हाला कुणी दिलं?"

"हौद्री, सोलापूरच्या मॅनेजरनं," त्या म्हणाल्या. हौद्री म्हणजे तिकडच्या कानडीत होय जी. "सोलापूरच्या बायकांना गाठ मारायला येत न्हाय म्हणं. वाकडंतिकडं करत्यात. आमी सोडून देतो. गोरमेंटचा माल हाय म्हणं, वाया जाऊ नये."

"अनामत घेतली का तुमच्याकडून?"

"घेतली की. आन् सोडताना धागा तुटला म्हणून परत देत न्हाय."

म्हणजे दोन्ही टोकांनी लूट. मी आजींच्या पुढ्यातला टॉवेल उचलून कड उलटी केली. आत हिरवा टाका होता. हवालदार बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "सर, घरी सांगू का आता?" मी म्हटले, सांगा. त्यांनी लगेच सासूबाईंना फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही, पण तेलुगूत होते आणि बराच वेळ चालले.

फिर्याद नोंदली, ऑफिसची झडती घेतली, मॅनेजरला अटक झाली. ऑफिसच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या आवरणात एक टॉवेल टांगलेला होता, वर चिठ्ठी 'उत्तम दर्जाचा नमुना'. तोही आम्ही जप्त केला.

पहिला दिवस तो कराराचेच पाठ म्हणत राहिला. आरोपीवर ओरडण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. ओरडले की माणूस आपल्या गोष्टीला आणखी घट्ट धरतो. त्याला त्याच्याच कामाबद्दल बोलते केले तर तो स्वतःहून सैल पडतो. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर काही टॉवेल पसरले, त्याचे भिंग त्याच्या हातात दिले आणि म्हटले, "तुम्ही तपासणी करता म्हणता. मला शिकवा. यातले पास कुठले, नापास कुठले?"

त्याला ते आवडले. त्याने भिंग डोळ्याला लावले, एकेक टॉवेल सरकवला. शेवटचा उचलला, दशा बोटांत धरल्या आणि म्हणाला, "हा तर अजिबात चालणार नाही. बघा साहेब, अंतर किती कमीजास्त आहे."

"नक्की?"

"शंभर टक्के नापास."

मी प्लॅस्टिकचे रिकामे आवरण त्याच्यापुढे ठेवले. "हा तुमच्या भिंतीवरचा नमुना आहे."

 त्याने भिंग हळूच टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "पाणी मिळेल का?"

पाणी पिऊन त्याने सगळे सांगितले. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण तिच्यातून टॉवेलच्या खरेदीचे दुकान, टेम्पोवाला, गोळा झालेली रक्कम ठेवलेले खाते हे सगळे हाती आले आणि त्याला किंमत होती. मला मात्र वेगळीच उत्सुकता होती. "तुम्ही आधी काय करत होता?" मी विचारले.

"आधी म्हणजे? अजूनही करतो साहेब. एका खासगी क्लासमध्ये सकाळी हिशेब शिकवतो."

"मग हे?"

तो अगदी सरळपणे म्हणाला, "हा जोडधंदाच होता. पगारात भागत नव्हतं."

रायटर हवालदार लिहिता लिहिता थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी म्हटले, "लिहा."

जबाबांसाठी आम्ही दोन्हीकडच्या बायकांना एकाच दिवशी बोलावले. नियोजन म्हणून ते चुकीचे होते की बरोबर, हे मी अजून ठरवलेले नाही. ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली सतरंजी टाकली होती. एका बाजूला जुळे सोलापूर, दुसऱ्या बाजूला सीमेवरचे गाव. दोन्हीकडच्या एकमेकींना न्याहाळू लागल्या. मग अक्कलकोटकडच्या आजींनी आक्काच्या हातांकडे बघून विचारले, "गाठी मारणारी तूच व्हय गं?"

"व्हय. आन् तुमी सोडनाऱ्या?"

"आमची बोटं सोलली की गं तुज्या गाठीनं! एवढं घट्ट मारतेत व्हय?"

"मग सैल मारायच्या? सैल मारल्या तर नापास करंल, आसं वाटलं मला!"

"सैल मारली असतीस तर आमचे धागे तुटले नसते की!"

एकदम हशा पिकला. सगळ्या एकमेकींना बोटे दाखवू लागल्या. शिवणक्लासवाल्या बाई, ज्यांनी घरी काहीच सांगितले नव्हते, त्या खिदळत फोनवर कुणाला तरी सगळी हकीगत सांगताना मी पाहिल्या. तिकडे आक्काशी बोलणे टाकलेली ती शेजारीण गर्दीतून वाट काढत आली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. आक्काने आपल्या डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी तिच्यापुढे सरकवली. तेवढ्यावर ते भांडण मिटले.

जबाब संपत आले तेव्हा खाकी वर्दीतला एक उंच माणूस माझ्या दारात आला. आक्काचे यजमान, गाडी डेपोत लावून थेट आले होते. आता हा बायकोवर चिडणार असे मला वाटले.

"सायेब, माजाबी जबाब घ्या," तो म्हणाला.

"तुमचा कशाला?"

त्याने मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिले. "त्यातल्या निम्म्या गाठी माज्या हायत. सुट्टीच्या दिशी मी बी बसायचो तिच्यासंगं. डेपोत मात्र कुनाला कळू देऊ नका."

मी त्याचा जबाब घेतला. डेपोला कळवले नाही.

खटला चालला, शिक्षा झाली. गोठवलेल्या खात्यातली रक्कम कोर्टाच्या आदेशाने बायकांना परत मिळाली. त्याला वेळ लागला, पण मिळाली. त्याआधीच अत्तम्मांनी आपले काम सुरू केले होते. आक्काच्या गाठी त्यांनी ठाण्यात आल्या होत्या त्या दिवशीच डोळ्यांखालून घातल्या होत्या. त्या तिला पूर्वभागातल्या एका खऱ्या कारखान्यात घेऊन गेल्या. मालकाने हात बघितले, गठ्ठा दिला आणि म्हणाला, न्या. हवालदार बाईंनी पुढचे मला सांगितले. आक्का जागची हलेना.

"अनामत का घेत न्हाय?" तिने विचारले.

"कशाची अनामत बाई? काम तुम्ही करणार, पैसे मी देणार."

"मग तुमचा कारखाना दाखवा. आन् हा माल घेनारा कोन ते दाखवा."

त्या मालकाने तिला माग दाखवले, बांधलेला माल दाखवला, माल उचलायला आलेल्या व्यापाऱ्याशी बोलणे करून दिले. मगच तिने गठ्ठा उचलला. इतकी सविस्तर चौकशी तर मीही कधी केली नसेल, असे तो नंतर अत्तम्मांना म्हणाला.

निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक विचारतात, साहेब, पगाराला थोडा हातभार लागेल असे काही सुचवा, मोबाईलवर हे आले आहे, हे खरे का? मी त्यांना दोनच गोष्टी विचारायला सांगतो. आधी पैसे कोण कुणाला देणार आहे? आणि तुमच्या हातची वस्तू शेवटी वापरणार कोण? सुट्टीच्या दिवशी गाडी चालवणे असो, शिकवण्या असोत, डबे असोत, खऱ्या जोडकामाला या दोन्हींचे उत्तर असते. ते काम फार देत नाही, पण जे देते ते खरे असते.

पण या प्रकरणाने मला शिकवले ते वेगळेच. फसलेल्या माणसाला आपण पोलीसही पटकन लोभी म्हणून मोकळे होतो. या बायका लोभी नव्हत्या. त्या दुपारची झोप सोडून राबत होत्या. काम बिघडले असे कुणी म्हणताच त्यांनी समोरच्यावर नव्हे, आधी स्वतःवर संशय घेतला, आणि तो संशय लाजेपोटी घराच्या दारामागे ठेवला. त्या माणसाचा सगळा धंदा त्या गप्प बसण्यावर चालला होता. वसाहतीतल्या दोघींनी जरी आपापले टॉवेल शेजारी शेजारी ठेवून बघितले असते, तरी तो महिन्याभरात बंद पडला असता. म्हणून आता कुणी सल्ला विचारायला एकटा आला की मी त्याला आधी सांगतो, जा, घरातल्या कुणाला तरी घेऊन ये. मग बोलू.